हिवाळ्यात पाहिलेला चांदा : साहेबाचा तंबू, जलरंगाची पेटी आणि प्राणहितेचे पाणी

१/ चांद्याचे रान इंग्रज अधिकाऱ्यांनी बहुतांशी नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांतच पाहिले. दिसायला ही साधी गोष्ट आहे. पण तिचा ठसा त्यांच्या निसर्गचित्रांवर उमटला, अहवालांवर उमटला आणि एका नदीवर खर्ची पडलेल्या लाखो रुपयांवरही उमटला. आजचा धागा या हिवाळी नजरेविषयी आहे. थोडा लांब आहे; सवडीने वाचावा.

२/ आधी भूगोल. जुना चांदा जिल्हा म्हणजे ढोबळमानाने आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे. गडचिरोली वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी. पश्चिमेकडून वर्धा येते, उत्तरेकडून वैनगंगा येते. चपराळ्याच्या अभयारण्याजवळ दोघींचा संगम होतो आणि तिथून पुढे त्यांचे नाव प्राणहिता. प्राणहिता दक्षिणेस वाहत सिरोंच्यापाशी गोदावरीला मिळते. त्याच्याही खाली, सोमनूरजवळ, बस्तरातून आलेली इंद्रावती गोदावरीत येते. ही नावे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

३/ आता ‘थंडीचा दौरा’. पाऊस संपून वाटा वाळल्या की जिल्ह्याचा साहेब कचेरी सोडून तंबूत राहायला निघे. तंबूंचे बहुधा दोन संच असत : एकात साहेब झोपलेला असताना दुसरा बैलगाड्यांवरून पुढच्या मुक्कामी रवाना झालेला असे. सकाळी घोड्यावरून दहा-बारा मैल, दुपारी अर्जफाटे, संध्याकाळी शिकार किंवा फेरफटका. महसूल, पोलीस, शाळा, रस्ते अशा सगळ्यांची तपासणी याच महिन्यांत उरकायची. गाड्या, चारा, कोंबड्या, दूध, लाकूडफाटा आणि ओझी वाहायला माणसे गावाने पुरवायची. रसद आणि वेठ हे दोन शब्द विदर्भातल्या जुन्या माणसांना वेगळे समजावून सांगावे लागत नसत.

४/ ज्याच्याभोवती आजची गोष्ट फिरते, तो या दौऱ्यांचा विलक्षण शौकीन होता. सर रिचर्ड टेंपल. जन्म १८२६, शिक्षण रग्बी आणि हेलीबरी येथे, पंजाबात जॉन लॉरेन्सच्या हाताखाली तयार झालेला. नोव्हेंबर १८६१ मध्ये नागपूरचा प्रदेश आणि सागर-नर्मदा प्रदेश एकत्र करून ‘मध्य प्रांत’ घडवण्यात आला. त्याची मुख्य आयुक्तपदाची सूत्रे १८६२ मध्ये टेंपलकडे आली आणि १८६७ मध्ये हैदराबादचा रेसिडेंट म्हणून जाईपर्यंत, मधले काही काळ वगळता, ती त्याच्याकडेच राहिली. महाराष्ट्राला तो अधिक परिचित आहे तो मुंबईचा गव्हर्नर (१८७७–८०) म्हणून. आणि त्याहून अधिक १८७६–७८ च्या दुष्काळामुळे. त्याविषयी पुढे एक टिपण येईलच.

५/ टेंपल दौऱ्यावर लेखणीबरोबर कुंचलाही बाळगी. हैदराबाद, काश्मीर, सिक्कीम आणि नेपाळ येथील त्याच्या रोजनिश्या त्याच्या मुलाने, रिचर्ड कार्नाक टेंपलने, १८८७ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केल्या. त्यांतील चित्रे टेंपलच्याच रेखाटनांवरून केलेली आहेत. पुढच्याच वर्षी पॅलेस्टाईनवरचे त्याचे सचित्र पुस्तक निघाले, त्यातही चित्रे त्याचीच. या ग्रंथांच्या शीर्षकांत ज्या प्रांतावर त्याने राज्य केले तो मध्य प्रांत नाही आणि चांदाही नाही. तळी आणि खडकांचे हैदराबाद, बर्फाची शिखरे, बायबलातली गावे : चित्रविषय म्हणून त्या काळच्या इंग्रज वाचकाला हवे ते हे. चांदा त्याच्या वाट्याला आला तो कारभाराचा विषय म्हणून. पण पाहणारा डोळा एकच होता, आणि त्या डोळ्याची घडण समजून घेतली की पुढचे बरेच काही उलगडते.

६/ एकोणिसाव्या शतकातल्या सुशिक्षित इंग्रजाला निसर्गचित्र काढता येणे ही काही नवलाई नव्हती. कंपनीच्या ॲडिसकोम येथील लष्करी विद्यालयात चित्रकला हा रीतसर शिकवला जाणारा विषय होता; छायाचित्रण सर्वत्र पोहोचण्याआधी भूप्रदेशाची नोंद हातानेच करावी लागे. तोफखान्याच्या अधिकाऱ्याला टेकडी अचूक काढता आली नाही, तर तोफेचा मारा कुठे करणार? म्हणजे ज्याला आपण आज छंद समजतो, त्याचे मूळ युद्धाच्या आणि मोजणीच्या गरजेत होते.

७/ पण नुसती अचूकता पुरत नसे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात विल्यम गिल्पिन नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाने ‘चित्रासारखा दिसणारा निसर्ग’ म्हणजे काय, याचे जणू नियमच घालून दिले. समोर काळसर, खडबडीत अग्रभाग : एखादा वाकडा वृक्ष, ढासळलेली भिंत. मधल्या पट्ट्यात उजेड आणि पाणी. मागे निळसर होत विरघळणारे डोंगर. आणि कुठेतरी एक-दोन लहान माणसे, म्हणजे डोंगर केवढा आहे हे पाहणाऱ्याला कळावे. टॉमस आणि विल्यम डॅनिएल हे काका-पुतणे १७८६ ते १७९३ या काळात भारतभर फिरले ते हाच साचा डोळ्यांत घेऊन. त्यांची १४४ चित्रे पुढे लंडनमध्ये छापली गेली आणि हिंदुस्थान कसा दिसतो हे इंग्लंडला बरेचसे त्यांनीच ठरवून दिले.

८/ साहित्यही प्रवासाला सोयीचे झाले होते. जुन्या जलरंगाच्या वड्या दगडासारख्या कोरड्या असत, घासघासून रंग सोडवावा लागे. १८३५ च्या सुमारास लंडनच्या विन्सर अँड न्यूटनने ग्लिसरीन घालून ओलसर राहणाऱ्या वड्या बाजारात आणल्या. ओला कुंचला लावताच रंग सुटे. पत्र्याची चपटी पेटी, जाड कागदाची वही, पाण्याची बाटली. एवढे खोगिराच्या पिशवीत मावे. तैलरंगाला वाळायला दिवस लागतात. जलरंगाचा पातळ थर विदर्भाच्या कोरड्या हिवाळी हवेत काही मिनिटांत वाळतो. उलट भर पावसाळ्यात तोच कागद तासभर ओला राहतो, फुगतो आणि त्यावर बुरशीचे ठिपके पडतात. थोडक्यात, जलरंगाचे तंत्रच चित्रकाराला हिवाळ्याकडे ढकलत होते.

९/ जाता जाता एक गंमत. त्या पेटीतले दोन महत्त्वाचे रंग हिंदुस्थानातूनच गेलेले असत. एक नीळ. दुसरा ‘इंडियन यलो’ नावाचा तेजस्वी पिवळा, सूर्यास्ताच्या आभाळासाठी नावाजलेला. तो कशापासून बनतो याचा शोध घेत त्रैलोक्यनाथ मुखर्जी बिहारातल्या मुंगेरजवळच्या मिर्झापूर गावी पोहोचले. आंब्याची पाने खाऊ घातलेल्या गाईंच्या मूत्रापासून गवळी तो तयार करतात, असे त्यांनी १८८३ मध्ये कळवले. चित्रातले हिंदुस्थानचे आभाळ हिंदुस्थानी गाईच्या गोठ्यातून निघून लंडनमार्गे परत आलेले असे!

१०/ आता कल्पना करा : डिसेंबरात या दोन जिल्ह्यांत जलरंगाची पेटी उघडून बसलेल्या माणसाला काय दिसेल? सकाळी नदीवर धुके. नऊ वाजेपर्यंत ते उठते आणि पलीकडच्या काठावरचे अर्जुनाचे पांढुरके बुंधे दिसू लागतात. धान कापून झालेले, बांध्यांमध्ये तपकिरी खुंट, त्यांतच पेरलेल्या लाखोळीचा हिरवा थर. जवसाची फुले लागली असतील तर शेत दुरून तळ्यासारखे निळे. मालगुजारी तलाव तुडुंब नसले तरी भरलेले, त्यांत डोंगराचे प्रतिबिंब. चांदा शहराजवळ आलात तर गोंड राजांनी बांधलेला सुमारे ११ किलोमीटरचा परकोट, जटपुरा, पठाणपुरा, अंचलेश्वर आणि बिनबा या त्याच्या वेशी, इरई-झरपटीचे काठ. फेब्रुवारी सरता सरता सावर आणि पळस. गिल्पिनला यापेक्षा अधिक काय हवे होते?

११/ चामोर्शीजवळचे मार्कंडा घ्या. इथे वैनगंगा वळण घेऊन उत्तरवाहिनी होते आणि त्या काठावर मार्कंडेश्वराचा देऊळसमूह उभा आहे. शिखरावर वीज पडून मोडतोड झालेली, शिल्पांवर शेवाळ. अलेक्झांडर कनिंगहॅमने १८७० च्या दशकातल्या आपल्या दौऱ्यांत ही देवळे पाहिली आणि पुरातत्त्व खात्याच्या अहवालात त्यांचे सविस्तर वर्णन केले. त्याच्या अहवालमालेत खंडांची नावे पाहिलीत तर एक गोष्ट ध्यानात येईल : वर्षे १८७३-७४, १८७४-७५ अशी जोडीने दिलेली असतात. कारण पुरातत्त्वाचे क्षेत्रकार्यही हिवाळ्यात सुरू होई आणि नवे साल ओलांडून उन्हाळ्याच्या तोंडाशी थांबे. आपला लिखित इतिहाससुद्धा असा थंडीत गोळा झालेला आहे.

१२/ आता साहेब परत गेल्यावर इथे काय घडते ते पाहू. मार्च-एप्रिलमध्ये मोह फुलतो. पहाटे अख्खे घर टोपल्या घेऊन झाडाखाली. मे महिन्यात तेंदूपाने. त्याच उन्हाळ्यात माडिया माणूस पेंड्यासाठी म्हणजे फिरत्या शेतीसाठी तोडून वाळवलेले रान जाळतो आणि पहिल्या पावसाबरोबर राखेत कोसरी पेरतो. जून ते सप्टेंबर नद्या-नाले वाटा तोडतात, साठवलेले धान्य संपत येते, कंदमुळे आणि बांबूचे कोवळे कोंब म्हणजे वास्ते यांवर दिवस निघतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात तापाची साथ. तोवर सरकार उन्हाळ्यात पचमढीच्या डोंगरावर आणि पावसाळ्यात नागपुरात. रानातल्या माणसाच्या वर्षातले कष्टाचे, भुकेचे आणि आजाराचे जवळजवळ सगळे महिने चित्राच्या चौकटीबाहेर पडले.

१३/ ताप हे त्या चौकटीचे एक खरे कारण होते. मलेरिया डासांमुळे पसरतो हे रोनाल्ड रॉसने दाखवले ते १८९७ मध्ये. त्याआधी दलदलीतून आणि कुजणाऱ्या पाल्यातून उठणाऱ्या दूषित हवेला दोष दिला जाई. ‘रान अजून उघडले नाही’ असे म्हणून नोव्हेंबरपर्यंत थांबण्याची रीत भित्रेपणाची नव्हती, अनुभवाची होती.

१४/ टेंपलला हे एकदा फार जवळून कळले. नागपुरात स्टीफन हिस्लॉप नावाचा स्कॉटिश मिशनरी होता. भूगर्भशास्त्र, गोंडी भाषा, आदिवासींची गाणी, जीवाश्म अशा सगळ्यांत रमलेला. चांदा जिल्ह्यातल्या मांगली इथल्या खडकांतून मिळालेल्या एका प्राचीन उभयचर प्राण्याच्या कवटीमुळे त्याचे नाव युरोपातल्या वैज्ञानिकांना ठाऊक झालेले. सप्टेंबर १८६३ मध्ये नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथील शिळावर्तुळे पाहायला टेंपल आणि हिस्लॉप गेले होते. ४ सप्टेंबरला परतताना हिस्लॉप वाटेतल्या कामासाठी मागे राहिला. अंधार पडल्यावर एकटाच घोड्यावर निघाला. सकाळी सहज ओलांडलेला ओढा तोवर फुगला होता. त्यात तो बुडाला. वय ४५.

१५/ हिस्लॉपच्या मागे राहिलेल्या हस्तलिखितांतून मध्य प्रांतातील आदिवासींविषयीचे लेखन टेंपलने संपादित करून १८६६ मध्ये नागपुरात छापले. गोंडांच्या लिंगो-कथेचे गायन लेखी रूपात जगासमोर आले ते त्या ग्रंथातून. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्याच माणसाच्या नावाचे. टेंपलविषयी काहीही मत असो, हे काम त्याने मनापासून केले याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही.

१६/ चित्रातून गळलेली दुसरी गोष्ट ऋतूची नाही, काळाची आहे. टेंपल आला १८६२ मध्ये. त्याच्या अवघी चार वर्षे आधी हेच ‘रमणीय’ रान पेटले होते. मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबूराव शेडमाके यांनी १८५८ च्या मार्चमध्ये राजगड परगणा काबीज केला. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. नांदगाव-घोसरीला लढाई झाली, सगणापूर आणि बामनपेठ येथे चकमकी झाल्या. एप्रिलच्या अखेरीस प्राणहितेच्या काठी चिंचगोंडीजवळ तारखात्याचे दोन युरोपीय कर्मचारी मारले गेले.

१७/ चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन याने मग अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर दबाव आणला. सप्टेंबरात बाबूराव पकडले गेले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आले. व्यंकटराव बस्तरकडे निसटले आणि नंतर सापडले. अडपल्ली-घोटची ६७ गावे लक्ष्मीबाईंना बक्षीस मिळाली. तुम्ही महिने पाहिलेत का? उठाव मार्चमध्ये सुरू झाला आणि उन्हाळ्यात व पावसात टिकला. रानाची माहिती ज्यांना बाराही महिने होती त्यांचा तो होता.

१८/ म्हणून १८६० च्या दशकातल्या या मुलुखाचे शांत निसर्गचित्र समोर आले, तर त्यातल्या शांततेचे वय विचारावे. काठावर काठी टेकून उभा असलेला तो लहानसा माणूस डोंगराची उंची कळावी म्हणून काढलेला असतो. त्याच्या डोळ्यांदेखत चार वर्षांपूर्वी काय घडले असेल, हे सांगायला पातळ निळ्या थरात जागा नसते.

१९/ आता नदीकडे येऊ, कारण इथे पाहण्याची किंमत रुपयांत मोजता येते. दौलेश्वरमचा बंधारा बांधणारा सर आर्थर कॉटन याचे एक मोठे स्वप्न होते : गोदावरी, प्राणहिता आणि वर्धा यांतून बोटी चालवायच्या आणि हिंगणघाटचा कापूस थेट पूर्व किनाऱ्याला उतरवायचा. मद्रास इंजिनिअर्सच्या एफ. टी. हेग याने नदीची पाहणी करून १८५६ मध्ये अहवाल दिला. १८६० मध्ये गोदावरीच्या डाव्या काठचे तालुके निजामाकडून इंग्रजांकडे आले आणि सिरोंचा हे नव्या ‘अप्पर गोदावरी’ जिल्ह्याचे ठाणे झाले. आज नकाशाच्या टोकाला लोंबकळताना दिसणारे सिरोंचा त्या काळी एका महामार्गाच्या मध्यावर येणार होते!

२०/ अडथळे तीन होते. पहिला भद्राचलमच्या वर दुम्मगुडेम येथे. दुसरा इंचमपल्लीला, सिरोंच्याच्या खालच्या अंगाला. तिसरा प्राणहितेवर अहेरी भागात, देवलमरीला. तिन्ही ठिकाणी नदीच्या पात्रातून खडकांची रांगच आडवी गेलेली. यांना बगल देणारे कालवे खोदायचे, त्यांवर पाण्याची पातळी चढवणारे-उतरवणारे दरवाजे बसवायचे, खालच्या बाजूला बंधारे घालायचे, अशी योजना. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि वऱ्हाड-वर्ध्याच्या कापसाला सोन्याचा भाव आला. योजनेला एकदम निकड आली. टेंपल तिचा हिरिरीने पुरस्कार करणाऱ्यांपैकी होता.

२१/ हिवाळ्यात सिरोंच्याच्या काठावर उभे राहा. पावसाळ्याचा गढूळपणा निवळलेला, पात्रात अजून पाणी आहे, दोन काठांमध्ये रुंद निळी पट्टी, पलीकडे निजामाच्या राज्यातले डोंगर. जलरंगकाराला ही पट्टी कागदावर एकाच सपाट थरात सोडता येते. त्या पट्टीखाली खोली किती आहे हे तिच्याकडे पाहून कळत नाही. एप्रिल-मेमध्ये तीच नदी वाळूतून वाहणाऱ्या दोन-तीन ओघळांची होते आणि ऑगस्टमध्ये एका रात्रीत काठ सोडते. कालव्याचे बांधकाम करायला जे कोरडे महिने मिळत, त्यांच्याच आगेमागे मजुरांना ताप गाठत असे. इतक्या विरळ वस्तीत मजूर आणि त्यांचे धान्य बाहेरून आणावे लागे.

२२/ इथे सावध राहिले पाहिजे. अभियंत्यांना नदी कळत नव्हती, ते सुंदर दृश्याला भुलले, असे म्हणणे सोपे आहे आणि चुकीचे आहे. हेग आणि कॉटन यांनी पुराच्या खुणा पाहिल्या होत्या, हिशेब मांडले होते, आणि वर्षातले काही महिनेच बोटी चालतील हे त्यांना ठाऊक होते. फसगत झाली ती त्या काही महिन्यांवर ठेवलेल्या भिस्तीची. कापूस घरात येतो हिवाळ्यात, बाजारात साठतो जानेवारीपासून. नदीला भरपूर पाणी असते जुलैपासून. माल तयार असतो तेव्हा पाणी उतरू लागलेले, पाणी असते तेव्हा माल नाही. मला विचाराल तर तीन खडकांपेक्षा हा अडथळा मोठा होता.

२३/ पुढचे थोडक्यात. १८६५ मध्ये अमेरिकेतले युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले. १८६७ मध्ये मुंबईहून आगगाडी नागपूरला पोहोचली. तिला ना खडकांची अडचण ना उन्हाळ्याची. १८७१ मध्ये गोदावरीच्या जलमार्गाचे काम थांबवण्यात आले. १८७४ मध्ये अप्पर गोदावरी जिल्हाही संपला आणि सिरोंचा चांद्याला जोडले गेले. पुढे वरोऱ्याच्या कोळशासाठी वर्ध्याहून लोहमार्ग आला, पण तो दक्षिणेच्या रानाकडे वळला नाही. सिरोंच्याला आजही आगगाडी जात नाही.

२४/ ज्या टिपणाचे आश्वासन दिले होते ते इथे. १८७७ मध्ये दुष्काळाच्या पाहणीसाठी नेमलेल्या टेंपलने मदतकार्यावरच्या मजुराचे धान्य दिवसाला एक पौंड, म्हणजे साधारण ४५० ग्रॅम, आणि वर थोडे पैसे एवढे खाली आणले. मद्रासचा आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश याने त्याला कडाडून विरोध केला. पुण्याच्या सार्वजनिक सभेनेही आवाज उठवला. हाच माणूस तीन वर्षांपूर्वी बंगाल-बिहारच्या दुष्काळात सढळ हाताने धान्य आणवल्याबद्दल ‘उधळ्या’ ठरला होता. आकाशाच्या छटा टिपणारा डोळा आणि हा हुकूम एकाच माणसाचे कसे, असा प्रश्न पडतो. मला त्यात विसंगती दिसत नाही. दूरवरून, प्रमाणबद्ध, आटोपशीर पाहण्याची सवय दोन्हीकडे एकच आहे.

२५/ त्याच दशकात रानाच्या मालकीचा प्रश्नही मांडला गेला. मध्य प्रांतात कॅप्टन पिअरसनच्या हाताखाली वनखाते उभे राहिले, १८६५ मध्ये पहिला वन कायदा आला, १८७८ मध्ये दुसरा, अधिक कडक. जळलेल्या रानाचा काळा पट्टा पाहून अधिकाऱ्याला ‘नासाडी’ दिसे. ती राख जूनमध्ये शेत होते आणि पुढे पुन्हा रान होते, हे समजायला एका जागी बारा महिने, किंबहुना दहा-पंधरा वर्षे बसावे लागते. दौऱ्यावरचा माणूस तीन दिवसांत पुढच्या मुक्कामी गेलेला असे.

२६/ जलरंग हे माध्यमच वरवरचे, असा अर्थ मात्र काढू नका. त्याच माध्यमात, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून कोल्हापूरला परतलेले अबालाल रहिमान (मृत्यू १९३१) यांनी काय केले ते पाहा. शाहू महाराजांचा आश्रय, कोटितीर्थाच्या तळ्याकाठी राहणे, आणि तेच तळे, तीच झाडे, तोच काठ पुन्हा पुन्हा रंगवणे : पहाटे, दुपारी, सांजवेळी, वेगवेगळ्या ऋतूंत. साधने साहेबाच्या पेटीतलीच, कागद तसाच. फरक एवढाच की अबालालना दुसऱ्या दिवशी तंबू हलवायचा नव्हता.

२७/ गडचिरोलीच्या नद्यांना असा बारमाही चित्रकार मिळाला नाही. पाणी धरून ठेवण्याची स्वप्ने मात्र मिळत राहिली. कॉटन-हेगच्या इंचमपल्लीला धरण घालण्याचे प्रस्ताव विसाव्या शतकातही येत राहिले. सिरोंच्यासमोर गोदावरीवर तेलंगणाचे मेडीगड्डा धरण जून २०१९ मध्ये कार्यान्वित झाले. जुलै २०२२ च्या पुरात सिरोंचा तालुक्यातली गावे आणि शेते पाण्याखाली गेली तेव्हा शेतकऱ्यांनी त्याचे बोट या धरणाकडे दाखवले. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच धरणाचे काही खांब खचले.

२८/ आणि भामरागड. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती यांचा संगम. डिसेंबरात तिथे पर्यटक येतात, फोटो काढतात; सुरेख निळ्या नदीचे, वाळूच्या काठाचे, मागच्या धूसर डोंगरांचे. चौकट पाहिलीत तर गिल्पिनचीच. पावसाळ्यात पर्लकोटेचा पूर पुलावरून वाहू लागतो, तालुक्याचे ठाणे बाहेरच्या जगापासून तुटते, आणि अलीकडच्या शेकडो गावांच्या याद्या वर्तमानपत्रात ‘संपर्क तुटला’ या दोन शब्दांखाली येतात. तो फोटो सहसा कुणी घरी लावत नाही.

२९/ धाग्याच्या वाचकांपैकी कुणी अहेरी, सिरोंचा, एटापल्ली किंवा भामरागडचे असाल, आणि घरात ऑगस्टमधल्या नदीचे एखादे जुने चित्र किंवा छायाचित्र असेल, तर खाली नक्की जोडा. साल आणि गाव लिहायला विसरू नका. डिसेंबरातली पुष्कळ आहेत.